बत्तीस ओळींचा जनरल

बुधवारी दुपारी शिडीच्या सावलीत बसून आम्ही दोघे जेवलो, ते आमचं शेवटचं साधं जेवण. त्याच्या डब्यात दोन उकडलेली अंडी, काकडी आणि एक खुबूस, म्हणजे तिकडची रोटी. माझ्या डब्यात भात नि कालची डाळ. मधे लोणच्याची बाटली. लोणचं बायकोने गावाहून पाठवलेलं. जनरल त्यातलं चहाच्या चमच्याने पाव चमचा घ्यायचा, तोही चमचा डोळ्यांसमोर धरून, औषध मोजल्यासारखा. अंड्याच्या चार फोडी करायच्या नि प्रत्येक फोडीला लोणच्याचं बोट लावायचं. पाच वर्षं मी हेच बघत होतो. त्या दिवशी तो म्हणाला, "चीफ, या बाटलीतल्या फोडी सारख्या आकाराच्या नाहीत."

मी म्हटलं, "आंबे पण सारखे नसतात."

"मोठी फोड आतून कच्ची राहते. बायकोला सांग, पाऊण इंच."

मी खाली मान घालून भात कालवला. हेच मी तिला आधी एकदा फोनवर सांगून बसलो होतो. ती तिकडून ओरडली होती, "तेका म्हणा, आंबो काय कारखान्यात बनणा नाय. इतकी मोजमापा हवी तर हयसर येवन काप म्हणा."

त्या बुधवारनंतरही आम्ही पुष्कळदा एकत्र जेवलो. पण मधे त्या दिवसाची उरलेली दुपार होऊन गेली होती. ती विसरून जेवता येत नाही.

जनरल म्हणजे खराखुरा जनरल, अमेरिकेच्या हवाई फौजेतला. मी त्याला अरेतुरेच लिहिणार. इंग्रजीत अहोजाहो नसतं, आणि ज्या माणसाने इतकी वर्षं माझं डोकं उठवलं त्याला आता अहो म्हणायला जीभ वळत नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं यार्ड होतं. विमानाला लावायच्या, गाडीसारख्या चालवायच्या शिड्या, सामान ओढायचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, असलं सगळं दुरुस्त करायचं नि विमान कंपन्यांना भाड्याने द्यायचं. आम्ही सात माणसं होतो. मी फिटर, ड्रायव्हर, चहावाला, सगळंच. चौथीपर्यंत शाळा, पुढे कुडाळला गॅरेज, तिथून थेट शारजा.

त्यांच्या देशात फौजेत एक राखीव प्रकार असतो. माणूस एरवी आपला धंदा करतो, महिन्यातून दोन-तीन दिवस वर्दी चढवून विमान उडवतो. लढाई लागली की बोलावणं येतं. आमचा हा बाबा सोमवार ते शुक्रवार दुकानात गालिचे विकायचा नि महिन्यातला एखादा शनिवार-रविवार फौजेचं मालवाहू विमान उडवायचा. असं तीसएक वर्षं केलं. गालिचे विकता विकता जनरल झाला, आणि निवृत्त झाल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे वाळूत येऊन शिड्यांचा धंदा मांडून बसला.

हे मला समजलं तेव्हा मी हसलोच. आमच्याकडे दशावतारी नाटकवाल्याबद्दल म्हणतात, रात्री राजा नि सकाळी डोक्यार बोजा. रात्रभर मुकुट घालून आरडाओरडा करायचा, उजाडलं की सामानाची पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालायला लागायचं. मी त्याला ते माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. म्हटलं, तू तसाच. वाटलं, चिडेल. तो विचारात पडला नि म्हणाला, "रात्रभर जागलेल्या माणसाला बोजा देतात? तो किती तास झोपलेला असतो?"

झोप हा त्याचा दुसरा धर्म. रोज सकाळी हजेरीला प्रत्येकाला विचारायचा, किती तास झोपलास. वैमानिक झोपला नसेल तर त्याला विमान देत नाहीत, म्हणून आम्हाला पाना देणार नाही. सहा तासांपेक्षा कमी झोपलेला माणूस भरपगारी परत खोलीवर. हे कळल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. पहिल्या दिवशी पठाण वेल्डर म्हणाला पाच तास, तो गेला. दुसऱ्या दिवशी तिघे. आठवड्याच्या शेवटी यार्डात मी एकटा, कारण मी मूर्खासारखा खरं सांगत होतो. जनरल वही घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "चीफ, सात माणसांत सहा जणांना झोप नाही. म्हणजे माणसांत बिघाड नाही. खोलीत बिघाड आहे."

मी म्हटलं, "साहेब, माणसं खोटं बोलतायत."

"आधी खोली बघू."

आणि आला की खरंच आमच्या राहायच्या कॅम्पवर. सात जण एका खोलीत, एसी महिन्याभरापासून बंद, खिडकीला पुठ्ठा. जुलै महिना. दारात उभा राहून घामाने निथळेपर्यंत बघत राहिला. सगळ्यात वाईट दिसणाऱ्या गादीवर आडवा झाला, घड्याळ लावून वीस मिनिटं. त्याच्या त्या लांब तंगड्या शेजारच्या खाटेवर. दुसऱ्या दिवशी नवा एसी आला, आठवड्यात दुसरी खोली मिळाली. सगळे म्हणाले, बुड्ढा देवमाणूस आहे. मी एकटा चरफडत होतो. सहा खोटारड्यांच्या वाटणीचं काम आठवडाभर मी केलं होतं.

त्याच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे शिक्षा. कुठलीही गाडी असो, आत बसण्याआधी तो तिच्याभोवती एक फेरी मारणार. चाकाला हात, दिव्याला हात, खाली वाकून तेल गळतंय का बघणार. वैमानिकाची सवय. आपल्या गाडीला मारतो तर मारू दे, पण टॅक्सीलाही? एकदा आमची पिकअप बंद पडली म्हणून रोला चौकातून टॅक्सी केली. हा निघाला प्रदक्षिणेला. मागून हॉर्न सुरू झाले. टॅक्सीवाल्याने काच खाली केली नि ओरडला, "ओ साब, बैठना है या गाडी खरीदना है?" जनरल शांतपणे म्हणाला, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. टॅक्सीवाला शिव्या देत उतरला, चाकाला लाथ मारली नि गप्प झाला. चाक खरंच बसलेलं. मग भर चौकात, बेचाळीस डिग्रीत, ते चाक बदललं कोणी? मीच.

यार्डातल्या प्रत्येक वस्तूचं त्याने एक कार्ड केलं होतं. प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद, त्यावर इंग्रजीत ओळी. शिडीच्या कार्डावर बत्तीस. शिडी बाहेर जाण्याआधी एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती जागा हाताने तपासायची नि "चेक" म्हणायचं. बत्तीस वेळा. मग वाचणाऱ्याने खाली सही करायची. एक ओळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. बाजूच्या वर्कशॉपवाले आमच्याकडे बघून म्हणायचे, यांची नमाज चालू झाली.

वाचायचा तो, कार्ड नाकाशी धरून, छापणारा शाई फिकी मारतो म्हणून ओरडत, आणि सहीही त्याचीच. मी "चेक" म्हणणारा. मला तो चीफ म्हणायचा, कारण त्यांच्या फौजेत विमान सांभाळणाऱ्या मेकॅनिकला तसं म्हणतात. पण व्हिसावर माझा हुद्दा होता हेल्पर. आणि सगळं तिथेच अडलं.

तिकडचा कायदा असा होता की बायकोला कायमचं आणायचं तर पगार अमुक हवा नि हुद्दा बरा हवा. पगार माझा बसत होता. हुद्दा बसत नव्हता. हेल्परला बायको आणता येत नाही. फोरमनला येते. लग्नाला बावीस वर्षं झालेली, त्यातली एकोणीस मी इकडे. दोन वर्षांतून दोन महिने घरी. हिशेब केला तर नवराबायको म्हणून आम्ही पाच वर्षंसुद्धा एका छपराखाली राहिलो नव्हतो. मुलं नाहीत. तिची सासू, म्हणजे माझी आई, गेली नि त्या घरात ती एकटी राहिली.

दर शुक्रवारी दहा वाजता ती बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानात येऊन बसायची. मी फोन करायचो. एका शुक्रवारी म्हणाली, "तो तुमका चीफ म्हणता नि कागदार हेल्पर लिवता. असो कसो चीफ?"

कंपनीचे सरकारी कागद करणारा आमचा एक केरळचा माणूस होता, तिकडे त्याला मंदूब म्हणत. तो म्हणाला, "क्यूं टेंशन लेता है भाई? जनरल का गेस्ट बना के भाभी को दो महीना का विझिट पे बुला लो. दो दिन का काम है." मला पटलं. जनरल तर लगेच तयार. मी फोनवर सांगितलं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या सायबाची पावणी?"

"अगो, कागदावर फक्त."

"कागदारच ना. मी पावणी म्हणान येवचंय नाय. येयन तर तुमची बायल म्हणान येयन. तुमच्या नावार बोलवा."

आणि फोन ठेवला. दोन दगडांमध्ये सापडलो. इकडे एक हट्टी, तिकडे एक.

मी जनरलकडे गेलो. म्हटलं, साहेब, मला फोरमन कर. तो म्हणाला, "आनंदाने. फोरमन सही करतो. सही करणाऱ्याला वाचता यायला हवं. तुला वाचता येतं?"

मी म्हटलं, "येतं."

"मग परीक्षा घेऊ."

मला अक्षरं ओळखू यायची, त्यापुढे नाही. पण बत्तीस ओळी मी चार वर्षं कानाने ऐकत होतो. पाठ होत्या. रात्री पडल्या पडल्या आरतीसारख्या म्हणायचो. परीक्षेच्या दिवशी त्याने कार्ड हातात दिलं. मी छाती पुढे काढून एकामागून एक ओळ म्हणत गेलो, बोट फिरवत गेलो. कुठे अडखळलो नाही. तो हाताची घडी घालून बत्तिसाव्या ओळीपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "सुंदर. फक्त ट्रॅक्टरला इतक्या पायऱ्या असतात हे मला माहीत नव्हतं."

त्याने मला ट्रॅक्टरचं कार्ड दिलं होतं.

बाकीचे सहा जण पोट धरून हसले. तो हसला नाही. म्हणाला, "सहा महिन्यांनी पुन्हा."

त्या शुक्रवारी मी फोनवर सांगितलं नापास. ती म्हणाली, "कित्याक? तुमका तोंडपाठ होता ना?" मी म्हटलं, तेच चुकलं. ती हसायला लागली. तिचं हसणं ऐकून मला आणखी राग आला, आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हसली तेवढं बरं.

मग त्यानेच शिकवायला घेतलं. सकाळी दुबईला काम असलं की शारजा ते दुबई गाड्यांच्या रांगेत दीड तास जायचा. मी चालवायचो, तो बाजूला. "चीफ, ती पाटी वाच." मी अक्षर अक्षर जोडायचो. "बरोबर. पुढची?" दुबईतल्या ऊद मेथाकडे वळायचं असलं तर पाटी आली की आधी मी सांगायचं. सहा महिन्यांत मी त्या रस्त्यावरची प्रत्येक पाटी, प्रत्येक जाहिरात, पाण्याच्या टँकरवरचे फोन नंबरसुद्धा वाचायला लागलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी. रांगेत बाजूच्या गाडीतली माणसं बघायची, हा ड्रायव्हर मोठ्याने काय बडबडतोय.

एकदा त्या रांगेत मी त्याला विचारलंच. "साहेब, तुझ्या सहीमुळे कधी कोणी मेलं का? म्हणून एवढा छळतोस?" मला वाटलं, आता काहीतरी मोठी गोष्ट सांगणार. विमान पडलं, दोस्त गेला, असं काहीतरी.

तो म्हणाला, "नाही. तीस वर्षांत काहीच झालं नाही. एक खिळासुद्धा पडला नाही."

"मग?"

"मग काय? म्हणूनच."

मी पुढची पाटी वाचली.

दुसऱ्या परीक्षेत मी खरंखुरं वाचलं. त्याने कार्डावरच्या ओळी वरखाली केल्या होत्या, तरी वाचलं. पठाण "चेक, चेक" म्हणत होता. एकोणिसावी ओळ होती शिडीच्या पायांच्या पिना. "पिना?" "चेक." शेवटी मी सही केली, पहिल्यांदा इंग्रजीत, माझं नाव. जनरलने कागद घेतला, खिशात हात घातला नि एक पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. सकाळीच काढून ठेवली होती त्याने.

"तू वाचलंस चीफ. पण बघितलं नाहीस. तो चेक म्हणाला नि तू विश्वास ठेवलास."

"पठाणाने खोटं सांगितलं तर मी काय करू?"

"सही कोणाची आहे?"

मी ती पिन भिंतीवर फेकली. त्याला आई-बापावरून जे काय येत होतं ते मालवणीत बोललो. त्याला कळलं नाही, पण माझं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "सहा महिन्यांनी. गुरुवारी सकाळी." आणि कॅलेंडरवर गोल केला. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती या वेळी हसली नाही. म्हणाली, "माझा वय होत इला हो. गुडघे धरूक लागले. विमानाचो जिनो चडाचो तर लवकर सांगा." बस, एवढंच.

तो गोल केलेला गुरुवार म्हणजे त्या बुधवारचा दुसरा दिवस.

आता बुधवार. जेवणं आटोपली, मी डबे धुतले, तोवर गेटातून एका विमान कंपनीचा लेबनानी मॅनेजर गाडी घेऊन आत आला. त्या वर्षी यार्डाचं काम निम्म्यावर आलं होतं. जनरल बारीकसारीक खोट काढून शिड्या पाठवायला नकार द्यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. उरलेल्यांत हा लेबनानी सगळ्यात मोठा. त्यांची शिडी मोडली होती, चारला विमान उतरणार होतं. "यल्ला, जनरल, यल्ला! अर्ध्या तासात पाहिजे."

जनरलने स्वतः कार्ड घेतलं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे मला "चेक" म्हणायला उभं करेल. पण मी दुसऱ्या टोकाला टाकी भरत होतो, नि लेबनानी घड्याळ दाखवत मागे मागे फिरत होता. जनरल स्वतःच विचारत होता नि स्वतःच चेक म्हणत होता. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. बत्तीस ओळी संपवल्या, सही केली, कागद लेबनान्याच्या हातात दिला.

मी टाकी बंद करून आलो नि बघतो तर शिडीखाली जमिनीवर तेलाचा रुपयाएवढा डाग. शिडीचा वरचा भाग तेलाच्या दाबाने विमानाच्या दारापर्यंत चढतो. तेलाचा पाइप फुटला तर तो भाग खाली बसतो, वर उभ्या असलेल्या माणसांसकट. मी वाकून बघितलं. डावा पाइप जोडापाशी पाझरत होता.

"साहेब, डावा पाइप बघ."

तो आला, वाकला. पाइपावर बोट फिरवलं. "सुका आहे."

त्याने बोट फिरवलं होतं ते तिसऱ्याच पाइपावर. तेलाचा थेंब त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर लोंबत होता, चमकत होता. तो सरळ त्याच्याकडे बघत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रस्त्यावरच्या पाट्या. कार्ड नाकाशी धरणं. छापणाऱ्याच्या नावाने ओरडणं, शाई फिकी मारतो म्हणून. मला शिकवत होता ते खरंच, पण त्याला त्या पाट्या दिसतही नव्हत्या. या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी उतरलं होतं नि तो कोणाला सांगत नव्हता, बहुतेक स्वतःलासुद्धा नाही.

लेबनानी म्हणाला, "चला, चला." शिडीच्या ड्रायव्हरची जागा रिकामी होती, चावी लागलेली होती.

मी खोटं लिहीत नाही. मी पाइपाचा विचार नंतर केला. आधी उद्याचा गुरुवार आठवला. या गिऱ्हाइकासमोर जनरलला आंधळा म्हटलं तर उद्या कसली परीक्षा नि कसला फोरमन. सही त्याची होती. मी हेल्पर होतो. मला विचारणार कोण? हिचे गुडघे, तो जिना, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. माझी मान खाली गेली होती. आणि खाली तो डाग मोठा झाला होता.

मी चावी काढली नि खिशात घातली.

"चीफ," जनरल म्हणाला, "चावी दे. हा हुकूम आहे."

"पाइप लीक, सर."

"मी तपासला."

"यू नॉट सी, सर."

माझ्या इंग्रजीत याहून गोड बोलायची सोय नव्हती. पठाणाने वेल्डिंग थांबवून चष्मा कपाळावर सरकवला. लेबनानी माझ्याकडे बघून जनरलला म्हणाला, "हा कोण आहे? हेल्पर ना? तुझं यार्ड तू चालवतोस की तो?"

जनरलने पुन्हा पाइपाकडे बघितलं. मग माझा हात धरला. मला वाटलं, मारतो की काय. त्याने माझं बोट नेऊन पाइपांच्या जुडग्यावर ठेवलं. मी ते डाव्या जोडाला लावलं, त्याने माझ्या बोटावर आपलं बोट चोळलं, नाकाशी नेऊन वास घेतला. चेहरा विझला त्याचा. लेबनान्याच्या हातातून सही केलेला कागद काढून घेतला.

"शिडी जाणार नाही."

"खलास," लेबनानी म्हणाला. "मग पुन्हा तुझ्या दारात येणार नाही." आणि आला नाही.

जनरल ऑफिसात गेला, दार लावलं. पाच वाजता मंदूबाला गाडी काढायला सांगून निघून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मंदूब जाता जाता म्हणाला, "कल तुम्हारा टेस्ट था ना? अभी भाभी को बोलो, बॅग खोल के सामान वापस रख दो."

मी पाइप बदलला. कोणी सांगितलं नव्हतं. एकट्याने दोन तास लागले. वैतागाने पाना दोनदा माझ्याच बोटांवर आपटला.

गुरुवारी सकाळी सहाला गेलो तर तो माझ्या आधी हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पँट. शिडीच्या खालच्या पायरीवर एक कागद, उडू नये म्हणून त्यावर पाना. काल संध्याकाळी त्याने मंदूबाला टायपिंगच्या दुकानात बसवून तो टाइप करून घेतला होता. वर अरबी, खाली इंग्रजी. मी उभ्या उभ्या वाचलं. माझं नाव, आणि पुढे फोरमन. खाली सहीची जागा कोरी.

"किती तास झोपलास?"

"सात," मी म्हटलं. एक तासही झोपलो नव्हतो.

"ठीक. आज गुरुवार आहे. परीक्षा."

माझं डोकं फिरलं. "कालचं काय होतं मग?"

"काल वेळापत्रकात नव्हतं. धरता येत नाही."

अशा माणसाचं काय करायचं, सांगा. कालचं एवढं रामायण झालं, गिऱ्हाईक गेलं, आणि याला वेळापत्रक.

त्या कागदावर त्याने सही केली, तो दिवस संपायच्या आत. महिन्याभरात हिचा व्हिसा आला, माझ्या नावावर. ती आली. विमानातून उतरताना शिडीचा कठडा दोन्ही हातांनी हलवून बघितला म्हणे, घट्ट आहे ना. शारजात एका खोलीत आम्ही दीड वर्षं राहिलो. जनरलला तिने एकदा जेवायला बोलावलं, नि लोणच्याच्या फोडी मुद्दाम लहानमोठ्या केल्या. तोवर मीच नेऊन त्याचे मोतीबिंदू काढून आणले होते, त्यामुळे त्याला त्या स्पष्ट दिसल्या. त्याने सगळ्या खाल्ल्या, बोलला नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बगलात? येता तेका पण शाणपण." मग दोन हजार सालानंतर यार्ड बंद झालं, तो त्याच्या देशी गेला, आम्ही आमच्या. आता तो असेल की नसेल, ठाऊक नाही. ही गेल्या चैत्रात गेली. दीड वर्ष शारजातलं नि नंतरचं गावातलं धरलं तरी पुरलं नाही. कोणाला पुरतं? सकाळी चहा एकच कप करायचा हे हाताला अजून कळत नाही, दोन होतात. मग मी दुसराही पितो नि शिव्या घालतो. तिला, जनरलला, जो आठवेल त्याला.

पण गुरुवार सांगायचा राहिला.

त्याने कार्ड मला दिलं. मी विचारलं, "चेक कोण म्हणणार? पठाण अजून आला नाही."

"मी," तो म्हणाला नि शिडीच्या मागे गेला. मागच्या चाकापाशी, जिथे आमच्यातला सगळ्यात नवा माणूस उभा राहतो तिथे. हातात चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. एवढा मोठा माणूस, जनरल, ठोकळा पोटाशी धरून.

मी पहिली ओळ वाचली. "मागचं चाक, ठोकळा?"

तो वाकला, ठोकळा सरकवला, उभा राहिला. "चेक."

मी कार्ड खाली केलं. जाऊन वाकून बघितलं. ठोकळ्यात नि चाकात चार बोटांचं अंतर होतं.

तो माझ्याकडे बघत होता. त्याला माझं तोंड किती दिसत होतं देव जाणे. मला वाटलं, सोडून द्यावं, पायाने ढकलून द्यावं नि पुढे जावं.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "पुन्हा लाव."

त्याने एक गुडघा जमिनीवर टेकला, कालच्या तेलाच्या डागातच. डाव्या हाताने चाक चाचपलं, मग ठोकळा, मग मधली जागा. ठोकळा आत सारला, हाताच्या पंजाने दोनदा ठोकला नि पुन्हा चाचपला. उठायला त्याला कठडा धरावा लागला.

"चेक," तो म्हणाला. पँट झटकली नाही. मी वाकून बघून येईपर्यंत तसाच उभा राहिला, पुढच्या ओळीची वाट बघत.